पोटॅश रोडचा कडा: दोर काढण्याआधीचा अर्धा तास

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सॉल्ट लेक सिटीत राहणारे चौघे मित्र, दोन वर्षं जिममध्ये चढाई शिकलेले, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत युटातल्या मोआबला निघालेत. पोटॅश रोडच्या कडेला जी ‘वॉल स्ट्रीट’ नावाची भिंत आहे तिथे बोल्ट मारलेले रूट (दोर अडकवायला दगडात धातूचे खिळे बसवलेले चढाईचे मार्ग) आहेत आणि त्याच रस्त्यावर, त्याच कड्यावर जुनी कातळशिल्पंही आहेत, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शिल्पांपासून किती फूट लांब चढलं तर चालेल? तिथल्या मूळ जमातींची परवानगी काढावी लागते का? आणि पुण्याहून येणारा पाचवा मित्र, ज्याने सह्याद्रीत सुळक्यांवर बोल्ट मारलेत, तो ड्रिल आणतोय, तर एखादा नवा रूट उघडायला हरकत काय?

तिसऱ्याचं उत्तर लगेच देते, कारण विमानाचं सामान भरायच्या आधी ते पोचायला हवं. ड्रिल आणू नका. कारण शेवटी सांगते.

मी मूळची नाशिकची. अंजनेरी, त्र्यंबक, तिकडच्या कातळांवर हात कापत चढायला शिकले. गेली अठरा वर्षं कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनला राहते. तिथून मोआब दोन तासांच्या आत. हंगामात महिन्यातून दोनतीनदा नवशिक्यांना घेऊन वाळवंटात असते. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलंय. कायद्याचं बोलेन तिथे तसं सांगेन, बाकी माझी पद्धत.

तुमचा ‘किती फूट’ हा प्रश्न वाचला आणि वाटलं, तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेली तसबीर आहे. तसबिरीला चौकट असते, चौकटीपासून फूटपट्टी लावता येते. तिथे चौकटच नाही. खरी अडचण अशी की शिल्प कुठे आहे आणि कुठे संपतं हेच चढणाऱ्याला अनेकदा दिसत नाही. अंतर नंतर मोजू, आधी बघायला शिकायला हवं.

का दिसत नाही, ते सांगते. मोआबचा वालुकाश्म मुळात फिका, तांबूस-पिवळट. शेकडो-हजारो वर्षं उघडा राहिला की त्यावर काळपट तपकिरी चकचकीत पापुद्रा चढतो. मातीचे बारीक कण, मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं, एवढंच त्यात असतं. जाडी केसापेक्षाही कमी. इथे त्याला ‘डेझर्ट व्हार्निश’ म्हणतात. शिल्प करणाऱ्याने कठीण दगडाने टोचे मारून तो पापुद्रा उडवला, आतला फिका दगड उघडा पडला, आणि तो फिका भाग म्हणजे मेंढा किंवा माणूस. आपल्या कोकणातली कातळशिल्पं, रत्नागिरी-राजापूरकडची, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली, ती जांभ्याच्या सड्यावर खोदलेली असतात, रेषेत बोट मावेल इतकी. इथे तसं खोदकाम नाही, वरची साय काढलेली आहे. आणि काढलेल्या जागीही काळाबरोबर पुन्हा पापुद्रा धरू लागतो. म्हणजे शिल्प जितकं जुनं तितकं ते आजूबाजूच्या दगडात विरत जातं. सगळ्यात जुनं शिल्प सगळ्यात कमी दिसतं. तुमचं लक्ष वेधून घेतं ते बहुधा त्यातल्या त्यात अलीकडचं असतं. घोडेस्वार दिसला तर तो नक्की स्पॅनिश लोक आल्यानंतरचा, कारण त्याआधी इथल्या लोकांकडे घोडेच नव्हते.

माझी चूक सांगते. एका कड्यावर, नाव मुद्दाम देत नाही, मी दोन वर्षं माणसं नेत होते. छोटा कडा, सहा-सात बोल्टचे रूट, शिकवायला उत्तम. एका डिसेंबरात शेवटचा माणूस खाली उतरवेपर्यंत साडेचार वाजले. ऊन अगदी तिरपं, भिंतीला घासून जाणारं. दोर गुंडाळताना सहज मान वर केली तर दुसऱ्या क्लिपच्या, म्हणजे दोर अडकवायच्या दुसऱ्या बोल्टच्या, डावीकडे, हात पसरला तर पोचेल इतक्या अंतरावर, चार मेंढे. एकामागे एक, शिंगं मागे वळलेली, शेवटचा लहान. त्याच्या वीतभर खाली आमच्या चॉकचा (हाताला लावायच्या भुकटीचा) पांढरा ठसा होता, कारण तिथे डाव्या हाताला एक चांगली पकड होती आणि मीच सगळ्यांना ‘डावीकडची घे’ म्हणून ओरडत होते. दोन वर्षं. दुपारच्या उन्हात ते मेंढे मला एकदाही दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं, तर ते कुठे आहेत हे माहीत असूनही शोधायला वेळ लागला. ब्रश माझ्या खिशात होता. चॉक घासायला हात वर नेला आणि थांबले. घासलं तर पापुद्राही जाईल. तिथल्या जमीन खात्याच्या पुरातत्त्व विभागाला फोटो आणि जागा कळवली आणि तो रूट माझ्या यादीतून काढला. त्या भिंतीवर मी पुन्हा दोर लावलेला नाही.

हे माझ्यापुरतं नाही. २०२१ च्या वसंतात आर्चेस राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेला एका चढणाऱ्याने सोप्या रूटसाठी बोल्ट मारले, ते थेट फ्रीमाँट या तिथल्या जुन्या संस्कृतीच्या काळातल्या शिल्पांवरून जात होते. त्याला तिथे काहीतरी कोरलेलं दिसलं होतं. त्याने ते कुणीतरी हल्ली खरडलेलं समजलं. नंतर त्याने जाहीर माफी मागितली आणि बोल्ट काढून भोकं बुजवली, पण दगडात ड्रिलचं भोक पडलं ते पडलंच. माझ्या मते त्या प्रकरणातली शिकण्याची गोष्ट ‘तो बेजबाबदार होता’ ही नाही. त्याने बघितलं होतं, आणि चुकीचं ओळखलं. दोन वर्षं जिममध्ये चढलेल्या, पहिल्यांदा वाळवंटात येणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते किती सहज होईल, हे तुम्हीच ठरवा.

आता पोटॅश रोडपुरतं बोलू, कारण तुम्ही तिथेच जाताय आणि नवशिक्यांना ती जागा खरंच सोयीची आहे.

मोआबच्या उत्तरेला कोलोरॅडो नदीवरचा पूल ओलांडला की थोड्या अंतरावर डावीकडे युटा २७९ हा रस्ता फुटतो. नदी डाव्या हाताला, कडा उजव्या हाताला. चारपाच मैलांवर वॉल स्ट्रीट लागते. थोडं पुढे रस्त्याच्या कडेला पाटी आहे आणि वर शिल्पांचे पट. तुम्ही आधी वॉल स्ट्रीटला थांबू नका. सरळ पुढे जा, पाटीपाशी गाडी लावा, हार्नेस (दोर बांधायचे कमरेचे पट्टे) डिकीतच राहू द्या. दुर्बीण असेल तर आणा, पक्षी बघायची साधी चालते. शिल्पं डोक्याच्या बऱ्याच वर आहेत. लोक विचारतात, एवढ्या उंचावर कोरली कशी? रस्ता करताना खालची दरड काढली, जमीन खाली गेली. कोरणारा मुळात त्या उंचीवर उभा होता. एका ओळीत हात धरून उभी माणसं दिसतील, कागद दुमडून कापलेल्या बाहुल्यांसारखी. पुढे एक मोठं अस्वल आहे आणि त्याच्या नाकाशी धनुष्य ताणलेला शिकारी. अर्धा तास थांबा. एकाने नजर फिरवायची, बाकीच्यांनी त्याला न दिसलेलं दाखवायचं. सुरुवातीला दहा आकृत्या दिसतात, अर्ध्या तासाने पंचवीस. हा अर्धा तास भक्तीसाठी नाही, सरावासाठी आहे. टोचा मारलेला दगड कसा दिसतो, पापुद्रा आपोआप निघालेला कसा दिसतो, गोळीचा व्रण कसा दिसतो (तेही आहेत, दुर्दैवाने), हे डोळ्यांना कळलं की मग वॉल स्ट्रीटला परत या.

परत आल्यावर चढायच्या रूटखाली पुन्हा तेच. पायथ्यापासून अँकरपर्यंत (रूटच्या टोकाला दोर अडकवायची जागा), दोन्ही बाजूंना. शक्यतो ऊन तिरपं असताना. मोबाइलवर फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, कधीकधी डोळ्याला न दिसणारं त्यात उठून येतं. शंका आली तर त्याला शिल्पच समजायचं. त्या रस्त्यावर एवढे रूट आहेत की एक सोडला तर शेजारचा तयार आहे. सोडणं इतकं स्वस्त असताना वाद कशाला घालायचा?

आणि आता अंतर. आकडा देत नाही, कारण तो तुमच्या रूटवर अवलंबून आहे, पण माझा हिशेब देते. चढणारा ज्या पट्ट्यात हात-पाय ठेवतो तेवढाच आपला रूट, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पट्टा कितीतरी रुंद असतो. लीडवर, म्हणजे दोर खालून वर नेत पहिल्यांदा चढताना, क्लिपच्या बाजूला सरकून पडलात तर झोका बसतो, आणि झोक्यात माणूस भिंतीवर पाय मारत जातो. दोर ओढून घेताना त्याचं सुटं टोक वरून येतं ते सरळ येत नाही, चाबकासारखं फटका मारत येतं, आणि गाठ सोडायची राहिली असेल तर विचारूच नका. पहिला बोल्ट काठीने क्लिप करणारे काठीचं टोक दगडावर खरवडतात. बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, दमला की पाठ भिंतीला टेकवतो, आणि त्याच्या पाठीवर हार्नेसचं लोखंड असतं. वाट बघणारे दोघे बॅगा भिंतीला टेकवून, बुटांचे तळवे दगडावर लावून बसतात. या सगळ्यांतलं काहीही जिथे पोचेल तिथपर्यंत रूट. त्यात शिल्प येत असेल तर चढायचं नाही. चढणाऱ्यापेक्षा खाली थांबलेल्यांकडून जास्त नुकसान होतं, हे मी अनुभवाने सांगते.

वॉल स्ट्रीटला बिले देणारा जवळपास डांबरी रस्त्यावरच उभा असतो, तेव्हा दोर रस्त्यात पसरू देऊ नका. पुढच्या पोटॅशच्या खाणीकडे जाणारे ट्रकही याच रस्त्याने जातात.

चॉकचं सोपं आहे. कमीत कमी वापरा, खुणेच्या रेघोट्या ओढू नका, उतरताना मऊ ब्रशने पुसा, पण पुसायचं ते शिल्पापासून लांब असलेल्या होल्डवर, म्हणजे हात-पाय ठेवायच्या पकडीवर. नोव्हेंबरात गार हवेत घाम येत नाही, जिममधल्या सवयीनेच हात पिशवीत जातो.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मराठी गटांबरोबर मला ती दर वेळी सांगावी लागते. आपल्याकडे सुळक्याखाली पोचलं की नारळ वाढवायचा, दोराला-कॅरॅबिनरना हळदकुंकू लावायचं, कातळाला हात लावून तो कपाळाला न्यायचा, ही रीत आपण लहानपणापासून बघतो. मलाही आवडते. एकदा माझ्याबरोबर आलेल्या एका ताईंनी शिल्पं बघितली, डोळे भरून आले त्यांचे, आणि पर्समधून कुंकवाची डबी काढली. मी अक्षरशः धावत गेले. त्यांचा भाव खरा होता. पण त्या भिंतीला बोटाचं तेलही चालत नाही, पापुद्र्यावर ते बसतं आणि वर धूळ धरते. कुंकू तर धुता येत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, तो देव आपला नाही. तिथे काय वाहायचं, वाहायचं की नाही, कधी जायचं, हे ज्यांचं आहे त्यांनाच ठाऊक. दुसऱ्याच्या देवघरात शिरून आपल्या पद्धतीने पूजा मांडावी तसं ते होतं. नमस्कार लांबून करा. नारळ खायचा असेल तर मोआबच्या खोलीवर फोडा, करवंट्या कचऱ्यात.

त्याच ओघात, कोरलेल्या रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यात चॉक भरणं, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेणं, पाणी मारणं, काहीही नको. खापऱ्या, चकमकीच्या कपच्या, वाळकं मक्याचं कणीस दिसलं तर बघून तिथेच ठेवा. उचलून एका दगडावर मांडून ठेवतात ते लोकही चांगल्या मनाचे असतात, पण वस्तू जागची हलली की ती कुणाची, कुठल्या थराची, हे कळायचा मार्ग बंद होतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि शिल्पांना १९७९ च्या संघराज्य पुरातत्त्व कायद्याचं संरक्षण आहे. जाणूनबुजून नुकसान केल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. नुकसान ५०० डॉलरच्या वर गेलं तर दुप्पट. व्हिसावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

परवानगीचं. पोटॅश रोडची जमीन संघराज्याच्या भूव्यवस्थापन खात्याकडे, म्हणजे बीएलएमकडे आहे. तिथे चढायला तुम्हाला जमातीकडून परवाना लागत नाही. पण पुढच्या वेळी दक्षिणेला जाल तेव्हा चित्र बदलतं. नवाहो राष्ट्राच्या हद्दीत चढाईला पूर्ण बंदी आहे, मॉन्युमेंट व्हॅलीच्या सुळक्यांपासून न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉकपर्यंत. शिपरॉकला नवाहो भाषेत ‘त्से बितआई’, पंख असलेला खडक म्हणतात, आणि तो त्यांच्या उत्पत्तिकथेचा भाग आहे. गंमत म्हणा किंवा काय म्हणा, १९३९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या चौघांनी तो पहिल्यांदा चढला तेव्हा अमेरिकेतल्या चढाईत पहिल्यांदा एक्सपान्शन बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारे) वापरले गेले. तुम्ही जिममधून बाहेर येऊन ज्या बोल्टला क्विकड्रॉ (दोर अडकवायच्या जोड-कड्या) लावणार आहात त्याची इथली वंशावळ अशी एका पवित्र खडकात सुरू होते, आणि आज तो खडक चढणाऱ्यांना बंद आहे. बंदी असूनही चोरून चढणारे आहेत आणि इंटरनेटवर त्यांचे फोटोही सापडतील. ते बघून ‘म्हणजे चालतं’ असा अर्थ लावू नका.

इंडियन क्रीक, मोआबच्या दक्षिणेचा चढाईचा भाग, हे मधलं उदाहरण. ते बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकात येतं. २०१६ च्या डिसेंबरात ओबामांनी ते घोषित केलं, २०१७ मध्ये ट्रम्पनी त्याचा मोठा भाग वगळला, २०२१ च्या ऑक्टोबरात बायडेननी परत जोडला. होपी, नवाहो, झुनी, यूट माउंटन यूट आणि यूट इंडियन ट्राइब या पाच जमातींनी ते मागितलं होतं, आणि २०२२ मध्ये त्यांचा बीएलएम आणि वन खात्याशी सहव्यवस्थापनाचा करार झाला. चढणाऱ्यांच्या संघटनाही स्मारकाच्या बाजूने उभ्या राहिल्या. तिथे चढाईला बंदी नाही, पण वर जाणारी प्रत्येक पायवाट कुणाच्या तरी धान्याच्या कोठीजवळून जाते असंच धरून चालायचं. तिकडे जाताना २११ नंबरच्या रस्त्यावर ‘न्यूजपेपर रॉक’ लागतो. एकाच खडकावर साडेसहाशेच्या वर आकृत्या, कुंपणाबाहेरून निवांत बघता येतात. डोळे तयार करायला ती पोटॅश रोडपेक्षाही चांगली शाळा आहे.

कधीकधी कायद्याने बंदी नसतानाही थांबण्याची विनंती असते. वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवरवर १९९५ पासून जूनमध्ये स्वेच्छेने चढू नये असं उद्यानाचं आवाहन आहे, कारण त्या महिन्यात तिथे अनेक जमातींचे विधी चालतात. चढलात तर कुणी पकडत नाही. मी जूनमध्ये जात नाही. उलट टोकाला लेक टाहोचा केव्ह रॉक. वाशो जमातीची ती पवित्र जागा, तिथे एकेकाळी देशातले अवघड स्पोर्ट रूट, म्हणजे बोल्टच्या आधाराने चढायचे रूट, होते. वन खात्याने चढाई बंद केली, चढणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि २००७ मध्ये हरली. त्या वेळी मी चढणाऱ्यांच्या बाजूने तावातावाने बोलत असे. आज बोलणार नाही.

शब्दाचंही एक. जुन्या पुस्तकांत, मोआबच्या दुकानांच्या पाट्यांवर इथल्या जुन्या रहिवाशांसाठी ‘अनासाझी’ दिसेल. तो नवाहो शब्द, अर्थ साधारण ‘परक्यांचे पूर्वज’, शत्रूचे असाही होतो. होपी आणि इतर प्युब्लो लोक त्यांचे वंशज आहेत, आणि आपल्या पणजोबांना दुसऱ्याने ठेवलेलं ते नाव त्यांना नको आहे. ‘पूर्वज प्युब्लो’ म्हणा. आणि ‘नाहीशी झालेली संस्कृती’ वगैरे तर म्हणूच नका. ते लोक ॲरिझोनात आणि न्यू मेक्सिकोत राहतात, मका लावतात, मुलांना शाळेत सोडतात.

पाऊस. याचा संस्कृतीशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे, कारण होल्ड तुटला की तो कायमचा गेला आणि दगडाचा चेहरा बदलला. सह्याद्रीचा काळा पाषाण भिजला की निसरडा होतो, कमजोर होत नाही. वालुकाश्माचं उलटं. कण ज्या चिकट्याने एकमेकांना धरून असतात तो पाण्याने ढिला पडतो. वरून वाळलेला दिसतो, आतून ओला असतो. साधारण २४ ते ७२ तास थांबावं लागतं, आणि ते ऊन, वारा, थंडी, भिंतीची दिशा यावर ठरतं. नोव्हेंबरात सावलीतल्या भिंतीला जास्तच. माझी परीक्षा साधी आहे. कड्याच्या पायथ्याची वाळू बोटाने चारपाच इंच उकरायची. खाली ओलसर, गडद लागली तर त्या दिवशी चढाई नाही. तुमच्या चार दिवसांतले दोन यात जातील, ही शक्यता धरूनच या. तेव्हा पुढे त्याच रस्त्यावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, चालत कोरोना आर्चला जाता येतं.

चालताना रुळलेल्या वाटेवर किंवा उघड्या दगडावरच पाय ठेवा. मधे काळपट, खडबडीत, करपलेल्या भाकरीसारखी दिसणारी माती असते, ती जिवंत असते. सूक्ष्म जिवाणूंनी विणलेली ती साय आहे, एका बुटाने मोडते आणि सावरायला तिला कित्येक दशकं लागतात. शौचाला पिशव्या न्या आणि भरलेल्या परत आणा. यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही इंजिनिअर आहात, समजेल.

राहिलं ड्रिल. तुमच्या मित्राबद्दल मला आदर आहे. वाऱ्यात लटकून, हाताने हातोडी मारत बसाल्टमध्ये भोक पाडणं काय असतं ते मी केलंय. पण म्हणूनच सांगते, ते कौशल्य इथे जसंच्या तसं चालत नाही. बसाल्टमध्ये आखूड बोल्टही घट्ट बसतो कारण दगड त्याला दाबून धरतो. इथल्या मऊ दगडात तोच बोल्ट आजूबाजूचे कण चुरडत राहतो आणि काही महिन्यांनी हलायला लागतो. म्हणून इथे लांब, जाड, अनेकदा रसायनाने चिकटवलेले बोल्ट वापरतात, आणि ते बसवणारे लोक ठरावीक आहेत, वर्षानुवर्षं तेच करणारे. शिवाय नियम जागेप्रमाणे बदलतात. राष्ट्रीय उद्यानात एक, बीएलएमच्या जमिनीवर दुसरा, आणि विल्डरनेस, म्हणजे कायद्याने राखून ठेवलेला रानटी प्रदेश, ठरवलेल्या भागात मोटरचं ड्रिल पूर्ण बंद. एखादा जुना बोल्ट हलताना दिसला तर हात लावू नका, फोटो काढा आणि मोआबच्या चढाईच्या दुकानात दाखवा. बदलणाऱ्यांपर्यंत निरोप तिथूनच पोचतो.

पण हे सगळं तांत्रिक झालं. माझं खरं कारण ते चार मेंढे. दोन वर्षं दर पंधरवड्याला बघूनही मला ते दिसले नाहीत, आणि तुम्ही चार दिवसांसाठी येताय. नवा रूट म्हणजे अशा दगडावर भोक, ज्याच्याकडे त्या नजरेने अजून कुणी पाहिलेलं नाही. तुमच्या मित्राला म्हणावं, आहे तेच बोल्ट चढ, लीड तूच कर, या पोरांना दोर ओढताना टोक कसं आवरायचं ते शिकव. ते त्याला नक्की चांगलं येत असणार. आणि ड्रिलच्या वजनाएवढी बाकरवडी आणायला सांगा. ग्रँड जंक्शनला मिळत नाही. तुम्ही येताना मोआबच्या पुढे दोन तास आलात तर एक रविवार मी मोकळी ठेवते.